राल्फ एलिसनचा अदृश्य माणूस आणि आपलं कपाट

वस्तीतल्या वाचनालयासाठी नव्या पुस्तकांची यादी केली. तेवीस नावं. बाबासाहेबांचे खंड होते, जोतीराव होते, अण्णाभाऊ होते, बाबुराव बागूल होते. सतराव्या नंबरावर मी एक इंग्रजी कादंबरी टाकली. राल्फ एलिसनची 'इनव्हिजिबल मॅन'. यादी पोरांत फिरून परत आली तर सतरा नंबरावर लाल काट. शेजारी तीन शब्द - 'अमेरिकन. अवघड. कशाला?'

काट मारणारा आपलाच पोरगा. मोर्चात पुढं, पोस्टर चिकटवायला पुढं, लाठी पडली तरी पुढं. त्याच्यावर मी चिडलो नाही. पैसे कमी आहेत, कपाट एकच आहे, त्यातला एक खण अजून मोडका आहे. अशा वेळी त्यानं विचारलं ते बरोबरच विचारलं. त्याला तोंडी सांगायला बसलो असतो तर रात्र गेली असती, आणि त्याला सकाळी कामाला जायचं असतं. म्हणून हे लिहितोय. बाकीच्यांनीही वाचावं.

आधी ते 'अमेरिकन' बघू. राल्फ एलिसन १९१३ च्या मार्चात ओक्लाहोमा सिटीत जन्मला. त्याच वर्षी जुलैत बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले, कोलंबिया विद्यापीठात शिकायला. ते विद्यापीठ हार्लेमच्या शेजेला आहे, आणि हार्लेम म्हणजे काळ्यांची वस्ती. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज दिला होता, त्याच्या प्रती मागवल्या. आपल्या लोकांसाठी तसंच काही करता येईल का, हे त्यांना बघायचं होतं. डु बॉइसनी उत्तरही दिलं. १९७२ ला मुंबईत आपल्या पोरांनी दलित पँथर काढली तेव्हा नाव कुठनं घेतलं? ऑकलंडच्या ब्लॅक पँथरवरनं. तेव्हा कुणी विचारलं नाही की नाव अमेरिकन कशाला. मिलिंद कॉलेजचे म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले आणि काळ्यांच्या साहित्याबद्दल इथल्या लिहिणाऱ्यांशी बोलत राहिले. जनार्दन वाघमाऱ्यांनी त्या साहित्यावर मराठीत अख्खं पुस्तक लिहिलं, १९७८ ला. म्हणजे हा रस्ता जुना आहे, आपल्याच माणसांनी पाडलेला. त्यावर गवत वाढलंय एवढंच.

मला हे पुस्तक मिळालं ते एका कॉलेजच्या ग्रंथालयात. तिथली गंमत सांगतो. दाखलनोंद वहीत ते चढवलेलं होतं 'विज्ञानकथा' म्हणून. एच. जी. वेल्स नावाच्या इंग्रज लेखकाची १८९७ ची एक गोष्ट आहे, माणूस औषध घेऊन दिसेनासा होतो ती. नाव जवळपास तेच. नोंद करणाऱ्यानं पुस्तक उघडलंच नाही. त्यामुळं एलिसन रॉकेटांच्या आणि मंगळावरच्या माणसांच्या पुस्तकांत जाऊन बसला. मागच्या खिशातल्या कार्डावर दोन शिक्के होते, दोन्ही जुने. ज्यांना रॉकेट पाहिजे होतं त्यांनी घेतलं असणार आणि चार पानं वाचून परत केलं असणार. आणि मजा अशी की पहिल्याच पानावर तो माणूस सांगतो - मी भूत नाही, सिनेमातली चलाखी नाही. मला हाडं आहेत, मांस आहे. लोक मला बघायला तयार नाहीत म्हणून मी दिसत नाही. हे वाचून मी ग्रंथालयात एकटाच हसलो. शिपायानं वळून बघितलं.

पुढं त्या कॉलेजनं जुनी पुस्तकं निर्लेखित केली. वाचत कुणी नाही, जागा अडते, असं कारण. त्यांत हेही गेलं. असं एखादं पुस्तक ग्रंथालयातून जातं तेव्हा कुणी जाळत नाही, बंदी घालत नाही. नुसता एक शिक्का बसतो आणि ते रद्दीच्या ढिगात पडतं. आपली कितीतरी पुस्तकं अशीच गेली असतील.

घरी आणून वाचत होतो तेव्हा आई म्हणाली, "एवढं जाड पुस्तक कुणाचं रं?"

म्हटलं, "एका काळ्या माणसाचं, आये. अमेरिकेतल्या."

"नाव काय त्याचं?"

"गोष्टीत त्याला नावच नाही."

"नाव नाय कसं? मग हाक कशी मारत्यात त्याला?"

"पोऱ्या म्हणून मारतात. मोठा झाला तरी पोऱ्याच."

आई म्हणाली, "मग तुझ्या आज्याचीच गोष्ट म्हण की." आणि भाकरी थापायला गेली. तिच्या सासऱ्याला, म्हणजे माझ्या आज्याला, पाटलाचं आठ वर्षांचं पोर अरे-तुरे करायचं. अमेरिकेच्या दक्षिणेत साठ वर्षांच्या काळ्या म्हाताऱ्याला गोरं पोरगं 'बॉय' म्हणायचं. माझ्या आईला हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही. समीक्षकांना मात्र प्रस्तावना लागते.

आता गोष्ट सांगतो. सगळी नाही, पण सुरुवातीचा एक प्रसंग पुरा सांगतो, कारण आपल्या पोरांनी तो ऐकलाच पाहिजे.

हा नाव नसलेला पोरगा दक्षिणेतल्या एका गावात हायस्कूल पास होतो. हुशार. पास झाल्यावर भाषण करतो - नम्रता हाच प्रगतीचा मार्ग, अशा अर्थाचं. गोरे खूश. गावातले सगळे बडे गोरे एका हॉटेलात जमणार असतात, तिथं येऊन तेच भाषण कर म्हणून त्याला बोलावणं येतं. पोराला वाटतं केवढा मान. तिथं जाऊन बघतो तर बँकर, वकील, डॉक्टर, अग्निशमन दलाचे प्रमुख, मास्तर, व्यापारी, एक पाद्रीसुद्धा - सगळे दारू पिऊन तर्र. काळ्या पोरांना आधी एक नागडी गोरी बाई दाखवतात. बघितलं तरी धमकी, नाही बघितलं तरी धमकी. मग त्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधतात आणि सांगतात, एकमेकांना मारा. पोरं आंधळी होऊन एकमेकांना बुकलतात. रक्त येतं. बडे लोक ओरडतात, पैजा लावतात. मग एक गालिचा अंथरतात, त्यावर नाणी आणि नोटा. उचला म्हणतात. पोरं झडप घालतात तर गालिच्यात वीज सोडलेली. झटके बसतात, पोरं तडफडतात, तरी पैसे सोडत नाहीत. नंतर कळतं की त्यातली सोन्याची म्हणून उचललेली नाणी पितळी बिल्ले होते, मोटारगाडीची जाहिरात करणारे.

एवढं झाल्यावर म्हणतात, आता भाषण कर.

आणि तो करतो! तोंडात रक्त, गिळून गिळून बोलतो. कुणी ऐकत नाही. बोलता बोलता एका जागी 'सामाजिक जबाबदारी' म्हणायचं तिथं त्याच्या तोंडून 'सामाजिक समता' निघून जातं. हॉल एकदम चिडीचूप. काय म्हणालास? पुन्हा म्हण. तो म्हणतो, जबाबदारी साहेब, जबाबदारी. मग टाळ्या. आणि बक्षीस - चामड्याची एक बॅग, आत काळ्यांच्या कॉलेजची स्कॉलरशिप.

दोस्तांनो, मी ही पानं वाचली तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. स्कॉलरशिपच्या खिडकीपुढं मी उभा राहिलोय. तुम्हीही राहिलात. तिथं गालिच्यात वीज नसते, हे कबूल. पण 'तुमचं बरं आहे बुवा, फुकट शिकता' हे वाक्य चारचौघांत ऐकल्यावर जो झटका बसतो तो कुठल्या तारेतनं येतो? आणि आपल्यातलीच दोन पोरं एका जागेसाठी एकमेकांवर उठतात तेव्हा डोळ्यांवर पट्टी कुणी बांधलेली असते? एलिसननं हे आपल्यासाठी लिहिलं नव्हतं. त्याला आपण माहीतही नसू. तरी ते आपल्या अंगाला लागतं.

त्या रात्री पोराला स्वप्न पडतं. मेलेला आजा स्वप्नात येऊन म्हणतो, बॅग उघड. आत पाकीट. पाकिटात पाकीट, त्यात आणखी पाकीट. शेवटच्यात चिठ्ठी. तिचा अर्थ एवढाच - या पोराला असाच पळवत राहा. आजा हसतो. हा आजा जन्मभर गोऱ्यांपुढं मान खाली घालून जगलेला. मरताना मात्र मुलाला सांगून गेला की ही लढाई आहे, मी सारा जन्म शत्रूच्या मुलखात हेर होतो. त्यांना हो म्हणून म्हणूनच बुडवा. घरातले हादरले. म्हातारा खुळा होता की सगळ्यांत शहाणा, हा प्रश्न कादंबरीभर पोराची पाठ सोडत नाही. आपल्या आज्यांनी जोहार घातले. ते घालताना त्यांच्या मनात काय होतं, हे आपण कधी विचारलं? आपण त्यांना लाचार म्हणून मोकळे झालो.

कॉलेजात एक पुतळा असतो. संस्थापकाचा. त्याच्यापुढं गुडघ्यावर बसलेला गुलाम, आणि संस्थापकाच्या हातात गुलामाच्या तोंडावरचा बुरखा. आता हा बुरखा वर उचलला जातोय की आणखी घट्ट खाली ओढला जातोय, ते पोराला बघूनही ठरवता येत नाही. असा पुतळा खरंच आहे, अलाबामात टस्कीगी इथं, १९२२ ला उभा केलेला, बुकर टी. वॉशिंग्टनचा. एलिसन त्याच कॉलेजात शिकला. आपल्याकडं पुतळ्यांवरनं माणसं मेलीत, त्यामुळं हे मी जपून बोलतो. पण कुणीतरी आपला उद्धार करतोय असं दगडात कोरलेलं दिसलं, की एकदा तरी थांबून त्याचे हात बघावेत. बाबासाहेबांचा पुतळा वेगळा आहे. तिथं पायाशी कुणी बसलेलं नाही. बोट पुढं, पुस्तक हातात.

आता एलिसन स्वतः पुस्तकांपर्यंत कसा पोचला ते सांगतो, कारण आपण वाचनालयाचीच गोष्ट करतोय.

बाप बर्फ आणि कोळसा विकायचा. पोराचं नाव त्यानं ठेवलं राल्फ वाल्डो, अमेरिकेतल्या एमर्सन नावाच्या मोठ्या लेखकावरनं. पोर तीन वर्षांचं असताना बाप गेला. आई गोऱ्यांच्या घरी कामाला. तिथनं टाकून दिलेली मासिकं, पुस्तकं ती पोरांसाठी घेऊन यायची. (माझ्याही आईनं आणली आहेत, 'चांदोबा'चे अंक, कव्हर फाटलेले. पण ते असो.) गावातलं ग्रंथालय गोऱ्यांचं. एक दिवस एक काळा पाद्री सरळ तिथं जाऊन उभा राहिला. काळ्यांना बंदी आहे असा कायदा कुठंच लिहिलेला नव्हता, नुसता रिवाज होता. गोऱ्यांची पंचाईत झाली. आत घ्यायचं तर नाही, आणि नाही म्हणायला कागद नाही. मग त्यांनी घाईघाईनं काळ्यांच्या वस्तीत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. तिथं आधी बिलियर्डचा अड्डा होता. फळ्या ठोकल्या, हाताला लागतील ती पुस्तकं आणून भरली, एक काळा ग्रंथपाल बसवला. झालं ग्रंथालय.

पण घाईत एक गोष्ट झाली. पोरांची पुस्तकं कुठली, मोठ्यांची कुठली, हे लावायला कुणाला वेळच नव्हता. परीकथांशेजारी फ्रॉइड. त्यामुळं तिथल्या काळ्या पोरांना जे वाचायला मिळालं ते गोऱ्या पोरांना त्यांच्या नीटनेटक्या ग्रंथालयात मिळालं नसतं. हे एलिसननंच पुढं सांगितलंय, हसत हसत. त्याच ओक्लाहोमा सिटीत १९७५ ला त्याच्या नावाचं सार्वजनिक ग्रंथालय उघडलं. आता त्याचे कागद आणि त्याची स्वतःची पुस्तकं वॉशिंग्टनला लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. बिलियर्डच्या अड्ड्यापासनं तिथपर्यंत.

त्याच्या थोरल्या दोस्ताची, रिचर्ड राइटची गोष्ट आणखी कडू. मेम्फिसच्या ग्रंथालयात काळ्यानं पुस्तक मागायचं तर गोऱ्याच्या कार्डावर. राइटनं बरोबर काम करणाऱ्या एका गोऱ्याचं कार्ड घेतलं आणि खोटी चिठ्ठी लिहिली, जणू तो मालकासाठी पुस्तकं न्यायला आलेला पोऱ्या आहे. त्या चिठ्ठीत स्वतःसाठी शिवीच वापरली, म्हणजे संशय येऊ नये. पुस्तक वाचण्यासाठी स्वतःला शिवी! पाण्याला शिवायचं नाही हे आपल्याला माहीत आहे. चवदार तळ्याचं १९२७ हे सालही. पुस्तकाला शिवायचं नाही, हेही आपल्याला कुणी शिकवायला नको.

आणि हे फक्त जुनं नाही. २०१३ च्या सप्टेंबरात नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या रँडॉल्फ काउंटीत एका आईनं बारा पानी तक्रार केली की ही कादंबरी पोरांच्या वाचायची नाही. अकरावीच्या पोरांना सुटीत वाचायला दिलेल्या यादीत ती होती. शाळा मंडळानं ५ विरुद्ध २ मतांनी ती शाळांच्या ग्रंथालयांतनं काढून टाकली. एक सदस्य म्हणाला, यात वाङ्मयीन मूल्य काही सापडलं नाही. 'वाङ्मयीन मूल्य'! ऐकल्यासारखा वाटतो ना शब्द? आपल्या कवितांना पन्नास वर्षं हाच ऐकवला. पण लोक खवळले, बोंब झाली, आणि नऊ दिवसांत त्याच मंडळाला ६ विरुद्ध १ नं पुस्तक परत ठेवावं लागलं. १९५२ ला छापलेलं, १९५३ ला तिथला राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार मिळालेलं पुस्तक, साठ वर्षांनंतरही फळीवरनं काढावंसं वाटलं. म्हणजे त्यात अजून वीज आहे.

आता 'अवघड'. आहेच अवघड. मी कोश शेजारी घेऊन वाचली, चार महिने लागले. मधेच स्वप्न, मधेच पाद्र्याचं प्रवचन, मधेच गाणं, मधेच माणूस तळघरात बसून स्वतःशी बोलतोय. १३६९ दिवे लावलेत त्यानं तिथं, आणि वीज कंपनीची चोरलेली. सरळ गोष्ट सांगायची सोडून हे काय, असं मलाही शंभर पानं वाटलं. पण थांबा. टस्कीगीला एलिसन गेला होता संगीत शिकायला, ट्रम्पेट वाजवायचा. १९३३ ला, मालगाडीत चोरून बसून. खिशात दमडी नव्हती. तिथल्या ग्रंथालयात काम करायचा. त्या फळ्यांवर त्याला टी. एस. एलियटची 'द वेस्ट लँड' सापडली. कवितेत जाझचा ताल आहे हे त्याला कळलं, बाकीचं कळेना. म्हणून तो तळटिपांच्या मागं लागला, त्यांत सांगितलेली पुस्तकं शोधत गेला, आणि संगीत सोडून लेखक झाला. एलियट पक्का सनातनी माणूस. पण त्याचं हत्यार एका मोलकरणीच्या पोरानं उचललं. हत्यार कुणाच्या बापाचं नसतं.

आपल्याला कुणीतरी शिकवून ठेवलंय की दलितानं सरळ लिहावं, रडून लिहावं, किंवा शिवी देऊन लिहावं. बाकीचं काम त्यांचं. अमेरिकेतही तेच झालं. १९६३ ला अर्व्हिंग हाउ नावाच्या गोऱ्या समीक्षकानं लेख लिहिला. तो डावा होता, आपल्या बाजूचाच म्हणा. त्याचं म्हणणं, राइटसारखा संताप हाच काळ्या लेखकाचा खरा धर्म, एलिसन त्यापासनं दूर गेला. एलिसननं त्याला झोडून काढला. मी कसं जगतो, कसं लिहितो ते तू ठरवणार? राइट माझा नातेवाईक, नातेवाईक निवडता येत नाहीत. पूर्वज मात्र मी निवडतो. आणि पूर्वज म्हणून नावं घेतली एलियट, हेमिंग्वे, मालरो, फॉकनर.

इथं मात्र माझं एलिसनशी पटत नाही. राइटनंच त्याला १९३७ ला न्यूयॉर्कमध्ये पहिल्यांदा लिहायला लावलं. हात धरून लिहायला बसवणारा तो नुसता नातेवाईक, आणि पुस्तकातनं भेटलेले गोरे ते पूर्वज? हा हिशेब मला खटकतो. आपल्यातही असे लेखक झालेत, पुरस्कार मिळाल्यावर ज्यांना वस्ती फक्त भाषणात आठवते. साठच्या दशकात काळी तरुण पोरं रस्त्यावर उतरली तेव्हा एलिसन त्यांच्यात नव्हता. पोरांनी त्याला तोंडावर गोऱ्यांचा हुजऱ्या म्हटलं. ते त्याला फार लागलं. पोरं सगळी चुकीची होती असं मी म्हणणार नाही. पण त्या पोरांनी पुस्तक नीट वाचलं असतं तर त्यांना त्यात स्वतःचं पुढचं भविष्य दिसलं असतं, हेही खरं.

बायांच्या बाबतीत तर हे पुस्तक फारच कंजूष आहे. मेरी नावाची एक बाई आहे, हार्लेममध्ये पोराला घरात घेते, जेवू घालते, भाड्याचा तगादा लावत नाही. ती आणि एक म्हातारी सोडली तर बाया येतात त्या पुरुषाच्या वासनेचं किंवा गोऱ्यांच्या मस्तीचं सामान म्हणून. बाप आणि मुलीचा एक भयंकर प्रसंग आहे, तो सगळा बापाच्या तोंडून. मुलगी स्वतः काही सांगत नाही. आपल्या पोरींनी हे वाचून एलिसनला फाडून खावा. मला आवडेल.

आता शेवटचा शब्द, 'कशाला'. कशाला म्हणजे यासाठी.

पोरगा न्यूयॉर्कला येतो. कॉलेजच्या काळ्या प्रिन्सिपॉलनं त्याला सात बंद पाकिटं दिलेली असतात, नोकरीसाठी शिफारस म्हणून. आत लिहिलेलं असतं - याला आशेवर ठेवा, पण उभा करू नका. आपल्याच माणसानं लिहिलेलं. मग रंगाच्या कारखान्यात काम. तिथला पांढरा रंग देशात सगळ्यांत शुभ्र, सरकारी स्मारकांना लागणारा. तो शुभ्र व्हावा म्हणून प्रत्येक डब्यात दहा थेंब काळे टाकायचे आणि ढवळायचे, काळं दिसेनासं होईपर्यंत. यावर मी काही बोलत नाही, तुमचं तुम्ही ढवळून बघा.

तिथनं तो चळवळीत येतो. हार्लेममध्ये एका म्हाताऱ्या जोडप्याला घराबाहेर काढतात, सामान बर्फात फेकलेलं, त्यात गुलामीतनं सुटल्याचा कागदही. गर्दी जमते, हा पोरगा उभा राहून बोलतो, आणि पेटवतो. एक संघटना त्याला हेरते. 'ब्रदरहुड', म्हणजे बंधुभाव. गोरे-काळे एकत्र, विज्ञाननिष्ठ, इतिहासाची भाषा बोलणारी. पगार देतात, नवीन नाव देतात, कागदावर लिहून पाकिटात. तो जीव ओतून काम करतो, हार्लेम उभं करतो. मग एक दिवस वरनं हुकूम येतो - हार्लेम सोड, शहरात जाऊन स्त्री-प्रश्नावर व्याख्यानं दे. का? तर धोरण बदललं. हार्लेमची माणसं टांगणीला. त्याचा जिवाभावाचा साथी टॉड क्लिफ्टन चळवळ सोडून फुटपाथवर नाचऱ्या बाहुल्या विकायला बसतो, काळ्यांची टिंगल करणाऱ्या. पोलीस त्याला गोळी घालून मारतो. पोरगा त्याची मोठी अंत्ययात्रा काढतो. तर कमिटी त्यालाच जाब विचारते, कुणाला विचारून काढलीस? तो म्हणतो, लोकांचं म्हणणं... तर नेता म्हणतो, लोकांचं म्हणणं काय आहे ते विचारणं आपलं काम नाही, त्यांना सांगणं आपलं काम आहे.

दोस्तांनो, किती गटांत हे झालंय? मोजा. बोटं पुरायची नाहीत. निवडणुकीच्या आधी वस्ती पेटवायची, तिकीट ठरलं की 'धोरण बदललं'. पोरांवर केसेस, नेते दिल्लीत. मी कुणाचं नाव घेत नाही, तुम्हाला ठाऊक आहे.

शेवटी हार्लेममध्ये दंगल होते. पळता पळता तो गटारीच्या उघड्या भोकातनं कोळशाच्या तळघरात पडतो. मिट्ट काळोख. वाट शोधायला उजेड पाहिजे, आणि जाळायला त्याच्याकडं फक्त त्या बॅगेतले कागद. जन्मभर जपलेले. पहिलं जाळतो हायस्कूलचं सर्टिफिकेट. मग क्लिफ्टनची बाहुली. मग एक निनावी चिठ्ठी, जी त्याला चळवळीत असताना आली होती - फार पुढं जाऊ नकोस, हे गोऱ्यांचं जग आहे. मग संघटनेनं दिलेल्या नावाचा कागद. तो जळताना त्याला दिसतं की दोन्हीवरचं अक्षर एकच. धमकी देणारा आणि नाव देणारा माणूस एकच होता.

त्यानंतर तो तिथंच राहतो. दिवे लावतो, लिहितो. म्हणतो, आता बाहेर येणार, मलाही काही जबाबदारी आहे. पण पुस्तक तिथंच संपतं, बाहेर आलेला दिसत नाही. एलिसन पुढची कादंबरी चाळीस वर्षं लिहीत राहिला. १९६७ ला घराला आग लागून त्यातली पानं जळाली. १९९४ ला तो वारला तेव्हाही ती अपुरीच होती. त्या ढिगातनं 'जुनटीन्थ' १९९९ ला काढली, आणि मोठा गठ्ठा २०१० ला. त्या गठ्ठ्याला मी अजून हात लावलेला नाही. तळघरातला माणूस मात्र माझ्याकडं आहे, माझी प्रत, शिक्का मारलेली. ती मी वाचनालयाला देतोय, म्हणजे पैशाचा प्रश्न मिटला. मोडका खण मी रविवारी ठोकून देतो. नोंदवहीत चढवताना तेवढं 'विज्ञानकथा' लिहू नका.